जुनी, दणकट एसयूव्ही: घेताना काय पाहायचं, घेतल्यावर आधी काय करायचं

चेसिसनंबर (धागाकर्ता)

पंधरा-वीस वर्षं किंवा त्याहूनही जुन्या, चेसिसवर (म्हणजे बॉडीखालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांबद्दलचे प्रश्न (लँड क्रूझर, प्राडो, पजेरो, पॅट्रोल, फोररनर वगैरे) दहा धाग्यांत विखुरलेले असतात. ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. शहरी क्रॉसओव्हर इथे नकोत, त्यांची दुखणी वेगळी.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. या गाड्यांचं इंजिन आपण होऊन क्वचितच मरतं. आधी चेसिस गंजते किंवा कूलिंग दगा देतं, आणि कूलिंग जाताना इंजिनाला सोबत घेऊन जातं. म्हणून पाहणीचा आणि खर्चाचाही क्रम असा ठेवावा: गंज, कूलिंग, टायमिंग बेल्ट, सगळी तेलं, मग ब्रेक आणि स्टिअरिंगचे सांधे. गाडी उंच करणं, मोठे टायर, टपावरचे दिवे हे सगळं त्यानंतर. लोक नेमकं उलटीकडून सुरू करतात.

गंजापासून सुरुवात करू. चेसिसचे लांब रेल आतून पोकळ असतात. चिखल आत साचतो, पाणी निघायची भोकं बुजतात आणि गंज आतून बाहेर खात येतो. त्यामुळे खाली ताजा काळा रंग मारलेला दिसला तर खूश होऊ नका, जास्त बारकाईने पाहा. छोटी हातोडी घ्या आणि रेलच्या खालच्या बाजूने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला भद्द आवाज देतो. मागच्या अ‍ॅक्सलवरून रेल कमान घेतो ती जागा, मागच्या कंट्रोल आर्मचे किंवा पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) ब्रॅकेट, बॉडी माउंटच्या आजूबाजूचा भाग आणि इंधनटाकीच्या वरून जाणारे ब्रेकचे पाइप, या चार ठिकाणी वेळ घालवा. कुठे स्क्रूड्रायव्हर आत घुसला तर इंजिन ऐकायची गरजच नाही, गाडी सोडून द्या.

इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करून पाहायचं. बॉनेट गरम लागलं तर कुणीतरी आधीच चालू करून ठेवलंय, दुसऱ्या दिवशी पुन्हा या. सुरू होताना निळा धूर येऊन लगेच थांबला तर बहुधा व्हॉल्व्ह स्टेम सील. चढावर जोर लावताना सतत निळा असेल तर पिस्टनच्या रिंगा. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, तर कूलंट जळतंय. चालू इंजिनावर ऑइल फिलरची टोपी नुसती टेकवून ठेवा. हलकी थरथरली तर ठीक, नाचून खाली पडली तर ब्लो-बाय (पिस्टनच्या रिंगांवरून खाली निसटणारा ज्वलनाचा वायू) जास्त आहे, कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

सर्वांत उपयोगी आणि फुकटची परीक्षा म्हणजे रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी). रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचा होज सकाळी हाताने सहज दाबला गेला पाहिजे. थंड असतानाही कडक असेल तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरतोय, म्हणजे हेड गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. खात्रीसाठी रसायनाची चाचणी मिळते: रेडिएटरच्या तोंडावर नळी ठेवून आतली हवा निळ्या द्रवातून ओढायची, द्रव पिवळा पडला तर उत्तर मिळालं. डिझेलसाठी त्याचा वेगळा द्रव असतो, एवढं लक्षात ठेवा.

टायमिंग बेल्टबद्दल (क्रँक आणि कॅम यांना जोडणारा दातांचा रबरी पट्टा) तोंडी आश्वासन म्हणजे बदललेला नाही असं धरा. टोयोटाच्या ४.७ लिटर व्ही-८ ला (२यूझेड-एफई) सुमारे १,४५,००० किमीचा टप्पा आहे, काही डिझेलना त्याहून कमी. गाडी कमी चालली असली तरी रबर वर्षांनी म्हातारं होतं, त्यामुळे किमी किंवा वर्षं यांपैकी जे आधी भरेल ते. बेल्ट काढलाच आहे तर टेन्शनर, आयडलर, वॉटर पंप, क्रँक आणि कॅमचे पुढचे सील एकत्रच बदला. मजुरी तीच लागते. बसवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा पुन्हा जुळतात का पाहा. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका, दात चुकलाय.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: जुनी गाडी तापते म्हटल्यावर मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतात. तो नसला तर पाणी मोकळं फिरेल, मग गाडी थंड राहील, हे पटतंही. ते चूक आहे का?

तेलकट हात

चूक आहे. थर्मोस्टॅटचं काम फक्त अडवणं एवढंच नाही. अनेक इंजिनांत तो उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. सपाटीवर उलट, इंजिन कधी पुरतं तापतच नाही: इंधन जास्त जातं, तेलात कच्चं इंधन मिसळतं, सिलिंडर झिजतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार.

तापण्याचं कारण क्रमाने शोधावं.

पहिली रेडिएटरची टोपी. सर्वांत स्वस्त भाग आणि सर्वांत दुर्लक्षित. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा बारमधला आकडा असतो, तोच घ्या. दाब धरला नाही की पाणी लवकर उकळतं. टोपीत उलट दिशेचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन थंड झाल्यावर बाटलीतलं कूलंट रेडिएटरमध्ये परत ओढलं जात नसेल आणि होज चपटा होत असेल, तर तो अडकलाय.

दुसरा फॅनचा व्हिस्कस क्लच (रेडिएटरमागचा पंखा गरज पडेल तसा जोडणारा, सिलिकॉन तेल भरलेला भाग). हा ओळखायला लोक चुकतात. इंजिन चांगलं तापल्यावर बंद करा आणि पंखा हाताने फिरवा (बंद झाल्याची खात्री करूनच). जडपणे फिरला तर ठीक, सहज गरगर फिरला तर आतलं सिलिकॉन तेल संपलंय. क्लचच्या तोंडाभोवती तेलकट धूळ दिसते. याची खूण म्हणजे गाडी महामार्गावर बरी राहते, पण हळू चढणीवर किंवा एसी लावून गर्दीत तापते. उलट महामार्गावर वेगात तापत असेल तर रेडिएटर आतून बुजलाय.

तिसरा रेडिएटर. प्लास्टिकच्या टाक्यांचा रंग काळ्यावरून तपकिरी-पिवळट झाला की दिवस भरले म्हणून समजा. अ‍ॅल्युमिनियमशी जोड असतो तिथे बारीक भेग जाते. गळायची वाट पाहू नका.

मग वॉटर पंप (वीप होल म्हणजे त्याच्या गळतीच्या छोट्या भोकातून सुकलेल्या कूलंटचा ओघळ), होज (टोकाशी फुगलेले, मधे दाबल्यावर करकरणारे) आणि शेवटी थर्मोस्टॅट. तो कंपनीच्या तापमानाचाच, म्हणजे बहुधा ८२ किंवा ८८ अंशांचा घ्या. त्याच्यावर छोटी हलती घुंगरासारखी पिन असते, ती वरच्या बाजूला येईल असा बसवा. हवा तिथून निघते.

कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी अर्धं-अर्धं. वेगवेगळ्या जातीची कूलंट मिसळू नका, काही एकत्र आली की गाळ धरतात. रंगावरून जात ओळखता येत नाही, डब्यावरचं वाचा. भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर आणि टोपी उघडी ठेवून इंजिन चालू. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतात आणि पातळी खाली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा.

एक महत्त्वाचं. टोयोटासारख्या गाड्यांत तापमानाचा काटा मुद्दाम मधोमध राहील असा केलेला असतो. मधल्या मोठ्या पट्ट्यात तापमान बदललं तरी तो हलत नाही. तो हलला म्हणजे उशीर झालेला असतो. ओबीडी (गाडीच्या संगणकाला जोडायचं सॉकेट) असेल तर छोटा रीडर लावून आकडा पाहा, नसेल तर वेगळा मीटर बसवा. ८५ ते ९५ नेहमीचं. १०५ च्या पुढे गेलं तर एसी बंद, हीटर पूर्ण सोडा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा.

ओव्हरड्राइव्ह

रेडिएटरचा विषय निघालाच आहे तर ऑटोमॅटिकवाल्यांसाठी. बऱ्याच गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या खालच्या टाकीतच असते. ती आतून फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये जातं. २००५ ते २०१० च्या निसान पाथफाइंडर (आर५१) यासाठी कुप्रसिद्ध आहेत. डिपस्टिकवर तेल गुलाबी, दुधासारखं दिसलं तर क्लचच्या प्लेटांवरचं अस्तर सुटायला लागलेलं असतं, नुसतं तेल बदलून भागत नाही. उपाय सोपा आहे: तेलाचा बाहेरचा कूलर लावा आणि रेडिएटरमधली वाट सोडून द्या. फार थंड हवेच्या ठिकाणी मात्र तेल तापायला वेळ लागतो, तिथे थर्मोस्टॅट असलेला कूलर घ्यावा, किंवा नवा रेडिएटर घालून मूळ रचनाच ठेवावी.

आणि यंत्राने दाब देऊन फ्लश करू नका.

न्यूट्रल

फ्लशबद्दल असहमत. कूलरच्या परतीच्या नळीतून गिअरबॉक्सच्याच पंपाने तेल बदललं तर काही बिघडत नाही. 'जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स मरतो' ही अर्धी अफवा आहे.

ओव्हरड्राइव्ह

न्यूट्रल, गाडीच्याच पंपाने करायला माझाही विरोध नाही. विरोध बाहेरून दाब देणाऱ्या यंत्राला. आणि तेल बदलल्यावर जो गिअरबॉक्स बसतो तो आधीच घसरत असतो. झिजलेल्या प्लेटांची पूड तेलात तरंगून थोडी पकड देत असते, ती गेली की उघडं पडतं. म्हणून आधी पाहायचं: तेल लाल किंवा तपकिरी आणि जळका वास नाही, गिअर पडायला उशीर नाही, तर निर्धास्त बदला. काळं, जळकट, शिवाय घसरतंय, तर तेलाने काही होणार नाही.

घरी करायचं तर ड्रेन-फिल. पूर्ण भरणा ११ लिटरचा असेल तर प्लग उघडल्यावर ४ च्या आसपास निघतं, बाकी टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. थोडे दिवस चालवून पुन्हा, असं तीनदा केलं की जुनं तेल साधारण पाव उरतं. जितकं निघालं तितकंच मोजून घाला. ज्यांना डिपस्टिक नाही त्यांची पातळी ठरावीक तापमानालाच, इंजिन चालू ठेवून, ओव्हरफ्लोच्या प्लगमधून पाहतात. ते तापमान मॅन्युअलमध्ये असतं, अंदाजाने करू नका.

चेसिसनंबर (धागाकर्ता)

उरलेली तेलं मी एकत्र लिहितो. घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सगळी बदलायची, मागच्या मालकाने केली असं म्हटलं तरी.

डिफरन्शिअल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी), ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी), मॅन्युअल गिअरबॉक्स, तिन्हींचा एकच नियम: आधी भरायचा प्लग उघडा, मग खालचा. भरायचा प्लग गंजून बसलेला असतो. तेल काढून टाकल्यावर तो उघडला नाही तर गाडी जागेवरच अडकली. प्लगचे वायसर नवे घाला.

डिफरन्शिअलला बहुधा जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल (८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-९०). मॅन्युअल गिअरबॉक्सच्या सिंक्रोनायझर रिंगा पितळी असतील आणि मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर जीएल-४च. 'पाच म्हणजे चारापेक्षा चांगलं' या हिशेबाने जीएल-५ घातलं की त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळाला खाऊ शकतात आणि गिअर पडताना खरखर सुरू होते. मागे एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल) असेल तर त्याचं वेगळं तेल. नाहीतर वळणावर मागून गुरगुर येते.

निघालेलं तेल पाहा. चुंबकी प्लगवर राखाडी, लोण्यासारखा बारीक लेप नेहमीचा. बोटाला टोचणारे तुकडे लागले तर उघडावं लागणार. तेल दुधी असेल तर पाणी गेलंय आणि वाट बहुधा ब्रीदरची. अ‍ॅक्सलवर छोटी टोपी किंवा नळी असते. ती चिखलाने बुजली की दोन गोष्टी होतात. आतली हवा तापून फुगते आणि सीलमधून तेल बाहेर ढकलते. आणि गरम अ‍ॅक्सल पाण्यात उतरला की आत पोकळी तयार होऊन पाणी सीलमधूनच आत ओढलं जातं. म्हणजे 'सील गेलं' म्हणून बदलण्याआधी ब्रीदर फुंकून पाहा. नळी वाढवून इंजिनाच्या खोलीत वर बांधली की प्रश्न मिटतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. डॉट ४ ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावरची मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. दोन टन गाडी लांब उतारावर थांबवताना हा फरक पेडलखाली कळतो.

पाटा-शॅकल

आता खालची बाजू. इथे दुरुस्त्या सोप्या असतात पण करण्याची पद्धत चुकते.

सगळ्यात जास्त होणारी चूक: रबरी बुश बदलताना गाडी जॅकवर, चाकं लटकलेली, आणि तशीच नट आवळायची. बुशच्या आतली लोखंडी नळी त्या लटकलेल्या कोनातच पक्की होते. गाडी खाली उतरवली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उभी करा, पुढे-मागे ढकलून बसू द्या आणि मगच टॉर्क द्या. पाट्यांच्या शॅकललाही (टोकाच्या हलत्या कडीलाही) हेच. पाट्यांचे यू-बोल्ट एकदा पूर्ण आवळले की ताणले जातात. काढले तर नवे घाला आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

१९९६ ते २००२ च्या फोररनरचा खालचा बॉल जॉइंट वेगळा सांगतो, कारण तो जिवावर बेततो. त्यात गाडीचं वजन जॉइंटला दाबत नाही, ओढतं. झिजला की चेंडू कपातून सुटतो आणि पुढचं चाक आडवं पडतं. फार आवाज होईलच असं नाही. या गाड्यांत तो झिजेपर्यंत थांबायचा भाग नाही. ठरावीक अंतराने बदलायचा, कंपनीचाच आणि बोल्टही नवे.

पुढे सलग अ‍ॅक्सल असलेल्या गाड्या (लँड क्रूझर ८०, १९९० ते १९९७): स्टिअरिंग नकलच्या गोळ्यावरून पातळ काळा चिकटा गळत असेल तर अ‍ॅक्सलच्या आतलं सील गेलंय. डिफरन्शिअलचं तेल नकलमध्ये येऊन ग्रीस पातळ करतं. बाहेरून पुसून उपयोग नाही. नकल पूर्ण उघडा, जॉइंट धुऊन मॉलिब्डेनमचं ग्रीस भरा, वरखालचे बेअरिंग आणि सील संच घाला. पुढच्या व्हील बेअरिंगचा प्रीलोड हाताच्या अंदाजावर सोडू नका. नट आवळायचा, हब दोन्ही दिशांना फिरवून बेअरिंग बसवायचं, ढिला करायचा, परत आवळायचा आणि हब फिरायला लागणारा जोर स्प्रिंग काट्याने मोजून मॅन्युअलशी जुळवायचा. घट्ट झालं तर बेअरिंग जळतं, ढिलं राहिलं तर स्टिअरिंग थरथरतं आणि ब्रेकचं पॅड मागे ढकललं जाऊन पहिला पेडल खोल जातो.

प्रोपेलर शाफ्ट: क्रॉसच्या निप्पलमध्ये चारही बाजूंनी ताजं ग्रीस दिसेपर्यंत मारा. सरकत्या भागाच्या निप्पलला मात्र दोन-तीनच पंप. तिथे ठासून भरलं तर शाफ्टला आत सरकायला जागा राहत नाही आणि धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो. थांबून निघताना मागून 'टक्' आला तर आधी इथेच ग्रीस मारून पाहा, डिफरन्शिअल उघडायची घाई नको.

वाचनमात्र

फोर-व्हील पडतोय की नुसता दिवाच लागतोय हे घेताना कसं ओळखायचं? डांबरी रस्त्यावर लावून पाहिलं तर चालेल का?

न्यूट्रल

पार्ट-टाइम (गरजेपुरता जोडायचा फोर-व्हील) असेल तर कोरड्या डांबरावर नाही. मधे डिफरन्शिअल नसतं, त्यामुळे वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, मागच्यांना कमी. टायर घसरू शकले नाहीत तर सगळा पीळ शाफ्ट आणि ट्रान्सफर केसमध्ये साठतो. लिव्हर परत टू-व्हीलला येईनासा होतो तो यामुळेच. तसं झालंच तर सरळ थोडं रिव्हर्स घ्या, सुटतो.

तपासायचं मातीवर किंवा खडीवर. फोर-हाय लावून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल घ्या. गाडी अडखळत, ओढत वळली तर चारही चाकं जोडलीत. अगदी मोकळी वळली तर पुढचा भाग जोडला गेलेला नाही: हब, व्हॅक्यूमच्या फाटलेल्या नळ्या किंवा अ‍ॅक्च्युएटरची गंजलेली मोटर. फोर-लो गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये. पजेरोच्या सुपर सिलेक्टमध्ये मधलं डिफरन्शिअल आहे, म्हणून त्याचा फोर-हाय डांबरावर चालतो; लॉक केलेला चालत नाही.

महिन्यातून एकदा काही किलोमीटर फोर-व्हील लावाच. न वापरल्याने अ‍ॅक्च्युएटर जितके अडकतात तितके वापराने झिजत नाहीत. आणि चारही टायर एकाच मापाचे, सारख्याच झिजेचे. मधलं डिफरन्शिअल कायम जोडलेलं असेल तर दोन नवे-दोन जुने ही बचत महागात पडते.

मोठे टायर

धाग्यात माझ्याच जातीवर टीका झालीय, तर विचारतो. २६५/७० आर१६ काढून २८५/७५ आर१६ घातले तर नेमकं काय बिघडतं?

न्यूट्रल

हिशेबच मांडू. पहिल्याचा व्यास सुमारे ७७७ मिमी, दुसऱ्याचा ८३४. म्हणजे ७.३ टक्के मोठा. स्पीडोमीटर आधी बरोबर असेल तर आता तो १०० दाखवताना गाडी १०७ ने जात असते. ओडोमीटरही कमी मोजतो, त्यामुळे सर्व्हिसचे टप्पे उशिरा येतात. ४.१० चं डिफरन्शिअल ३.८२ असल्यासारखं वागतं: चढावर एक गिअर खाली, ऑटोमॅटिक असेल तर जास्त उष्णता. चाक जड झाल्याने ब्रेक, बॉल जॉइंट, व्हील बेअरिंग सगळ्यांचं आयुष्य कमी होतं. करू नका असं नाही. पण आधी कूलर, ब्रेक आणि सांधे नवे असू देत.

पाटा-शॅकल

+१. शिवाय मागून उंच केली तर मागच्या ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह विसरू नका. चेसिस आणि अ‍ॅक्सल यांतलं अंतर वाढलं की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा दाब कापतो. दांडीचं ब्रॅकेट वाढलेल्या उंचीनुसार पुन्हा जुळवावं लागतं. ब्रेकची हवा काढताना या व्हॉल्व्हलाही निप्पल असेल तर तोही उघडायचा. पेडल मऊ राहण्याचं ते एक लपलेलं कारण.

व्होल्टमीटर

विजेचं थोडक्यात. जुन्या गाडीतल्या निम्म्या 'ईसीयू (इंजिनाचा संगणक) गेला' तक्रारी अर्थिंगच्या असतात.

रात्रभर उभ्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. मग कुणालातरी स्टार्टर मारायला सांगा आणि मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर. ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी कुजलीय. इंजिन-चेसिस, चेसिस-बॉडी, बॅटरी-बॉडी अशा तिन्ही पट्ट्या काढून, खालचा रंग घासून परत लावा.

किल्ली फिरवल्यावर नुसता 'टिक्', पाच-सहा वेळा केल्यावर सुरू, आणि बॅटरी चांगली: डेन्सोच्या स्टार्टरमध्ये हे सोलेनॉइडमधल्या तांब्याच्या कॉन्टॅक्टचं लक्षण. कॉन्टॅक्ट आणि प्लंजर सुटे मिळतात, पूर्ण स्टार्टर घेऊ नका.

नोझल

डिझेलवर कुणीच लिहिलं नाही.

जुनी यांत्रिक पंपाची इंजिनं (उदा. लँड क्रूझरचं ४.२ लिटर १एचझेड) घाणेरडं डिझेल थोडंफार पचवतात, कॉमन रेल (संगणकाने चालणारी, फार उच्च दाबाची इंधनयंत्रणा) अजिबात नाही. फिल्टरखालची पाण्याची चावी दर महिन्याला थोडी ढिली करून पाणी निघतंय का पाहा. थंडीत सुरू व्हायला त्रास असेल तर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे) एकेक मोजा: चांगला एक ओमच्या आसपास किंवा कमी, मेलेला ओपन सर्किट दाखवतो.

१एचझेडसारख्या इंजिनात, जिथे टॅपेटचं (कॅम आणि व्हॉल्व्ह यांमधलं) अंतर शिम म्हणजे पातळ चकत्यांनी जुळवतात, ते अंतर आवाज आला तरच पाहायचं असा समज आहे. उलटं आहे. झीज सीटवर होते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि अंतर कमी होतं. म्हणजे इंजिन शांत होत जातं आणि एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. अंतर मोजा, कानावर जाऊ नका.

प्राडो १२० आणि त्या काळच्या हायलक्समधलं ३.० लिटर डी-४डी (१केडी-एफटीव्ही): इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर गळतात, ज्वलनाचा वायू हेडच्या वरच्या झाकणाखाली शिरून तेलात जातो, काजळी घट्ट होऊन संपमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) तेल ओढणारी जाळी बुजवते. पुढे ऑइल प्रेशर जातं आणि बेअरिंग बसतात. अशी गाडी घेतली आणि कागद नसतील तर संप उतरवून जाळी पाहा आणि इंजेक्टरचे सील बदला. सकाळी सुरू केल्यावर पहिली मिनिटं ठोके आणि पांढुरका धूर असेल तर इंजेक्टरची परतीची गळती मोजा. चार बाटल्या लावल्या की दोषी कोण ते लगेच दिसतं.

गंजविरोधी

धागाकर्त्यांनी गंज पाहायला सांगितला, पण थांबवायचा कसा? रबरी जाड अंडरकोटिंग मारावं का?

पाटा-शॅकल

जुन्या चेसिसवर नको. आधीच गंज असेल तर तो थर ओलावा आत कोंडतो, वरून गुळगुळीत आणि आतून भुगा. भोकं उघडा, लांब नळीने रेलच्या आतून पाणी मारून चिखल काढा, दोन-तीन दिवस कोरडं होऊ द्या. बाहेरचा सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून गंजरोधक प्रायमर. आत मात्र रंग नाही, पातळ कॅव्हिटी वॅक्स किंवा लॅनोलिनचं तेल लांब नळीच्या फवारणीने. ते भेगांत झिरपतं. बाहेर मारलेलं धुऊन जातं, म्हणून दरवर्षी पुन्हा. ब्रेक डिस्क, एक्झॉस्ट आणि रबरी बुश यांच्यावर उडू देऊ नका. दारांच्या खालच्या कडेची भोकंही काडीने मोकळी करा.

वाचनमात्र

शेवटचे दोन. सुटे भाग कंपनीचेच घ्यायचे का? आणि गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल तर?

तेलकट हात

भागांत भेद करा. मूळ पुरवठादारांचे (आयसिनचा वॉटर पंप, डेन्सोचे विजेचे भाग, कोयो किंवा एनएसकेची बेअरिंग, केवायबीचे शॉक) बहुतेक वेळा कंपनीइतकेच चांगले. थर्मोस्टॅट, रेडिएटरची टोपी, क्रँक-कॅमचे सील, वर सांगितलेला बॉल जॉइंट, हे कंपनीचेच. नक्कल फार आहे, खोक्यापेक्षा भागावरची छपाई, वजन आणि कडांची सफाई पाहा. चेसिस नंबरवरून भाग क्रमांक काढूनच मागवा. एकाच वर्षात मधेच बदललेले भाग या गाड्यांत भरपूर आहेत.

उभी ठेवायची तर: डिझेल किंवा पेट्रोल टाकी भरून (रिकाम्या जागेत ओलावा धरतो), टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा, हँडब्रेक ओढायचा नाही, मॅन्युअलला गिअर आणि चाकांना ठोकळे. ड्रम असलेल्या गाड्यांत ओढून ठेवलेला हँडब्रेक गंजून चिकटतो. बॅटरीची ऋण तार काढा. एसीच्या सेटिंगसकट काही गोष्टी पुन्हा लावाव्या लागतील. मधे चालू करायचीच असेल तर दहा मिनिटं जागेवर नको, तेल आणि एक्झॉस्ट पुरतं तापेपर्यंत अर्धा तास चालवा. नाहीतर चालूच करू नका.

व्होल्टमीटर

तार काढण्याआधी रेडिओला कोड लागतो का ते पाहून ठेवा. काही जुन्या गाड्यांत कोडशिवाय तो परत सुरू होत नाही.